किल्ली मैनाकाकूंकडे

मित्रांनो, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर दोन अँटेना उभ्या करून बसलेला मी एक जुना राउटर आहे. आता माझा एकही दिवा लागत नाही. पण २००८ च्या सुमाराला महाडच्या या घरात माझा थाट काही औरच होता. टेलिफोनशेजारी खास फळी आणि अंगावर कमळाबाईंनी विणलेला रुमाल. त्या रुमालाखाली मी उकडून निघायचो, पण मान मिळतोय म्हणून गप्प बसायचो.

कमळाबाईंचे यजमान दत्ताराम निवृत्त शिक्षक. पुरात एकदा घरातले कागद भिजले, तेव्हापासून त्यांनी सगळ्या भावकीचे दाखले स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवले होते. कुडपणला राहणाऱ्या भागोजीभाऊंच्या घरचेसुद्धा. दत्तारामांचा मुलगा सुशांत पुण्याला नोकरीला. तिथून घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता यावे, म्हणून त्याने एका सुट्टीत मला समोर घेतले.

"बाबा, कारखान्यातून आलेला पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक असतो," असे म्हणून त्याने नवा, लांबलचक पासवर्ड घातला. बाहेरून यायला व्हीपीएन नावाची एकच झाकलेली वाट ठेवली आणि बाकीची दारे बंद केली. मला फार सुरक्षित वाटले.

पण दत्तारामांची एक सवय होती. गावाला जाताना ते मेन स्विच पाडत आणि घराची किल्ली शेजारच्या मैनाकाकूंकडे देत. त्या खेपेला जवळच्या नाते गावाला जाताना त्यांनी किल्लीबरोबर माझ्या पासवर्डाची चिठ्ठीही दिली. अडलेनडले तर असावी! काकूंनी तो जपून भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवला. दत्ताराम परतले, मेन चालू झाला आणि काकूंकडे मुंबईहून आलेल्या रामा नावाच्या पाहुण्याने त्यांच्या घरात बसूनच तो पासवर्ड वापरला. स्पीड वाढवून देतो म्हणाला आणि सुशांतची झाकलेली वाटच पुसून बसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सुशांत आला, सगळे पुन्हा बसवले, पासवर्ड बदलला. "बाबा, घराची किल्ली काकूंना द्या. हा मात्र कोणालाच नको."

मैनाकाकू फुगल्या. "म्हंजे माज्यावर इश्वास नाय काय रे?"

"तुमच्यावर आहे, काकू. भिंतीवर नाही."

पुढच्या जूनमधली गोष्ट. भागोजीभाऊंची रंजिता नर्सिंगच्या प्रवेशासाठी पुण्याला गेली आणि जातीचा दाखला घरीच विसरली. त्याची प्रत पाच वाजेपर्यंत आली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. दत्ताराम आणि कमळाबाई नेमके कुडपणला होते, आणि तिथे मोबाइलला रेंज नव्हती. रंजिताने रडत सुशांतला फोन केला. त्याने माझ्या वाटेवर हाका मारल्या, पण मी कुठला ऐकतोय? मेन पाडलेला होता.

मग सुशांतने मैनाकाकूंना फोन लावला. काकू किल्ली घेऊन धावत आल्या. त्यांनी मेन चालू केला, कॉम्प्युटरचे बटण दाबले आणि या घरातला फोन उचलून ओरडल्या, "लागले रे दिवे! आता काय करू?"

"काही नको, काकू. आता मी येतो आत."

तो आला. मी पासवर्डाचे अक्षर न् अक्षर तपासून वाट उघडली आणि त्याने कॉम्प्युटरवरचा दाखला उचलला. पाचला वीस मिनिटे असताना तो छापलेली प्रत घेऊन रंजिताच्या कॉलेजात पोचला.

थोड्या वेळाने इथला फोन वाजला. "काकू, मिळाली गो शीट!" रंजिता म्हणाली. काकू मटकन खुर्चीत बसल्या, पदराने डोळे पुसले. मीही सुटलो होतो हो! मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "तापलाय बिचारा," म्हणत त्यांनी तो रुमाल काढून ठेवला. मला इतके बरे कधीच वाटले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. त्याला मोकळी हवा द्या. कारखान्याचा पासवर्ड बदला आणि नवा कोणाला देऊ नका. घराची किल्ली मात्र शेजारच्या मैनाकाकूंकडे खुशाल ठेवा.