बाळाची शिंक

बाबांनी जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावले होते. लेकीची मैफल मात्र खेळण्यांवर! वाचनालयाच्या मागच्या खोलीत चाळीस खुर्च्या आणि टेबलावर खुळखुळा, पत्र्याचा बेडूक, वीतभर पियानो. त्या पियानोची एक पट्टी उतरलेली होती. बाबांना राहवेना. लेक चहाला गेली तेवढ्यात त्यांनी आतल्या सळईवर कानस मारून ती सुरात आणली.

मैफलीत लेकीने एकच अंगाई चार भाषांत गायला घेतली. प्रत्येक कडव्याशेवटी अंगाईतलं बाळ शिंकायचं, आणि ती शिंक म्हणजे नेमकी तीच उतरलेली पट्टी. तिने पट्टी दाबली, तर लख्ख सूर! बाबा खुर्चीत खाली सरकले.

लेकीने पहिल्या रांगेकडे डोळे वटारले. "बाबा, माझ्या बाळाची सर्दी बरी केलीत ना?"

खोली खदखदून हसली. मग तिने ती शिंक गळ्यातूनच काढली. तेवढीच उतरलेली, केसभरही इकडे-तिकडे नाही, चारही भाषांत.

"मुलगी तुमची?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"माझीच," बाबा ताठ बसत म्हणाले. "इतकं अचूक चुकायला मला जन्मात जमलं नसतं."