पिवळं टोक ओळखणारा मी

लग्नात फोटो काढतात तसा कॅमेरा मी नाही, हे आधीच सांगतो. माझ्याकडे पाहून कुणी हसत नाही, माझ्यासमोर कुणी केस सारखे करत नाही. मी छताखाली टांगलेला असतो आणि वरून खाली पाहत असतो. माझ्याखालून वस्तू सरकत जातात. वस्तू बरोबर असेल तर हिरवा दिवा लागतो, चूक असेल तर लाल. शेजारी एक कॉम्प्युटर असतो. मी पाहिलेलं चित्र तो आधी शिकवलेल्या चित्रांशी ताडून बघतो. आम्ही दोघं मिळून एकच, म्हणून मी ‘मी’ म्हणतो तेव्हा त्यालाही धरूनच म्हणतो.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं आहे. पाठ मला दिसत नाही, त्यामुळे ते मला माहीत नाही. कळायला लागलं तेव्हा मी पुण्याजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात होतो. खोकल्याच्या बाटलीला झाकण आहे की नाही, एवढंच पाहायचं. तीन वर्षं मी झाकणं पाहिली. मग तिथे माझ्याहून तरतरीत कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली.

त्या कारखान्यात ज्योत्स्ना नावाची इंजिनिअर होती. ती मूळची वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेची. २००५ साली ती नोकरी सोडून घरी परत निघाली, तेव्हा साहेबांना विचारून मलाही घेऊन आली. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून. रात्रभर रेल्वेत तिने मला खाली ठेवलं नाही.

तिने मला नेलं ते हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत.

गिरणीत कापसाचं सूत निघतं आणि ते पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर गुंडाळलं जातं. त्याला तिथे कोन म्हणतात. सूत किती बारीक आहे ते नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून नळीचं टोक रंगवलेलं असतं. चाळीस नंबरच्या बारीक सुताचं टोक पिवळं, तीस नंबरच्या जाड सुताचं पांढरं. खोक्यात बारा-बाराचे दोन थर. त्या चोवीस कोनांत एक जरी परका शिरला, तर तिकडे इचलकरंजीला शर्टाच्या कापडात आडवा पट्टा उमटतो आणि अख्खा तागा वाया जातो.

असा पट्टा दोनदा उमटला होता. तिसऱ्यांदा उमटला तर तुमचं सूत बंद, असं विणकरांनी कळवलं होतं. तेव्हापासून गोदामात प्रत्येक खोकं उघडून तपासत. त्यात ट्रक दोन-दोन दिवस फाटकाशी उभे राहत. भैयाजी नावाचा एक ट्रक ड्रायव्हर तर तिथे इतका थांबे, की त्याने गोदामाच्या भिंतीला लागून कोथिंबीर पेरली होती. तो तिला पाणी घाली आणि स्टोव्हवर वरण शिजलं की तीच तोडून वर टाकी.

आणि ती खोकी तपासणाऱ्या होत्या अनुसयाबाई.

अनुसयाबाई १९८६ पासून त्या गोदामात होत्या. ठेंगणा बांधा, नऊवारी खोचलेली, केसांत कायम कापसाची एक-दोन तुसं. खोकं पुढ्यात आलं की त्या वाकत, नजर एकदा डावीकडून उजवीकडे नेत, मग हात आत घालून दोन-चार कोन बोटांनी चाचपत आणि म्हणत, “जाऊ द्या.” सुतात ज्या दोन चुका झाल्या होत्या, त्या त्यांच्या सुट्टीच्या दिवशीच्या होत्या. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कागदपत्रं पाहायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

गोदामाचे प्रमुख मधुकरराव. माणूस भला, पण घाबरट. त्यांनी ज्योत्स्नाला आठ दिवस दिले. आठ दिवसांत कॅमेऱ्याने एकही चूक सोडली नाही तर तो राहील, नाही तर परत. तोवर मी पास केलेलं प्रत्येक खोकं अनुसयाबाईंनी पुन्हा पाहायचं. कॅमेरा राहिला तर अनुसयाबाईंचं काय, हे मधुकररावांनी सांगितलं नाही. अनुसयाबाईंनी विचारलंही नाही. त्या दिवशी त्यांनी डबा मात्र उघडला नाही, हे मी वरून पाहिलं.

पहिले दोन दिवस माझे मजेत गेले. प्रत्येक खोकं दोनदा माझ्याखालून जाई, एकदा खालचा थर उघडा असताना आणि एकदा वरचा भरल्यावर. पिवळं, पिवळं, पिवळं, हिरवा दिवा. सकाळी मध्येच एखादं पांढरं, लाल दिवा. झाकणांपेक्षा हे बरंच बरं होतं. हमाल माझ्याकडे बोट दाखवून हसत. भैयाजी रोज येऊन खाली उभा राही आणि मला नमस्कार करून जाई.

तिसऱ्या दिवशी घोळ झाला. दुपारी चारनंतर मी एक खोकं पास केलं आणि अनुसयाबाईंनी त्यातून पांढऱ्या टोकाचा कोन बाहेर काढला. चौथ्या दिवशी पुन्हा तसंच, आणि पुन्हा चारनंतर. सकाळी मी शहाणा, दुपारनंतर आंधळा. मला स्वतःला काहीच कळेना. मला तर ती सगळी टोकं पिवळीच दिसत होती.

ज्योत्स्नाने वायरी बदलल्या. माझी काच पुसली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुण्याला फोन लावला. पाचव्या दिवशी पुन्हा दोन कोन निसटले. त्या संध्याकाळी ती माझ्याखाली फरशीवरच बसली, पाठ खांबाला टेकवून. अनुसयाबाई समोरच होत्या. त्यांनी चप्पल घातली, दारापर्यंत गेल्या, एकदा मागे वळून पाहिलं आणि निघून गेल्या.

आता मी एक गोष्ट सांगतो, जी माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. चार वाजले की अनुसयाबाई एक वेगळंच करत. खोकं पुढ्यात आलं की ते जरा फिरवून घेत, उन्हाकडे पाठ करत आणि पदर दोन्ही हातांनी खोक्यावर छत्रीसारखा धरत. मग पदराच्या सावलीत पाहत. सकाळी त्या असं कधी करत नसत. मी ते रोज पाहत होतो. पण मला तोंड नाही, आणि ते तसं का, हे समजायची अक्कलही नव्हती.

सातव्या दिवशी मधुकरराव आले. उद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही म्हणाले. हमालाला शिडी आणायला सांगितली. ज्योत्स्ना मान खाली घालून माझा टॉवेल शोधायला लागली. हमाल दोन पायऱ्या चढला.

अनुसयाबाई जागेवरून न उठता म्हणाल्या, “त्याले काढू नका, साहेब. त्याचा काही दोष नाई.”

सगळे थांबले. अनुसयाबाईंनी छताकडे बोट केलं. गोदामात उजेड यावा म्हणून पत्र्यांमध्ये फायबरचे दोन पारदर्शक पत्रे बसवलेले होते. बसवले तेव्हा ते पांढरे होते. वीस उन्हाळे खाऊन ते हळदीसारखे पिवळे पडले होते. चार वाजले की सूर्य त्यांच्या बरोबर मागे येई आणि टेबलावर पिवळा उजेड सांडे. त्या उजेडात पांढरं टोकही पिवळंच दिसे. अनुसयाबाईंनी एक पांढरा कोन उन्हात धरला, मग पदराखाली नेला. पुन्हा उन्हात, पुन्हा पदराखाली. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला आणि तो कोन स्वतः हातात घेऊन पाहिला.

ज्योत्स्ना त्यांच्याजवळ गेली. विचारलं, “मावशी, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“ऊन तर जुनंच हाय. याले ते फसवते, हे तिसऱ्या दिवशीच समजलं मले.”

“मग बोलल्या काऊन नाही?”

अनुसयाबाईंनी हातातला कोन खोक्यात ठेवला. “तू वायरींले इचारलं, पुण्याले इचारलं. मले कुठं इचारलं?” मग थोडं थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, “अन् खरं सांगू का, मी बी चूप राह्यली. वाटे, हे यंत्र गेलं तर बरंच हाय. पण तू परवा खाली बसली होतीस ना, ते पाहून रात्री भाकर गेली नाई मले.”

 ज्योत्स्नाने ऑफिसातली उशीची खुर्ची स्वतः उचलून आणली, माझ्याखाली ठेवली आणि मावशींना बसायला सांगितलं. मधुकररावांनी शिडी परत पाठवली आणि आणखी पंधरा दिवस दिले.

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. भैयाजीने ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचा एक तुकडा दिला. त्याचा तंबू करून ज्योत्स्ना आणि अनुसयाबाईंनी माझ्या डोक्यावर बांधला आणि आत दोन ट्यूबलाइट लावल्या. ऊन बाहेर, मी आत. मग शाळा सुरू झाली. अनुसयाबाई एकेक कोन माझ्याखाली धरायच्या आणि ज्योत्स्ना कॉम्प्युटरवर नोंदवायची. हे पिवळं, पण धुळीनं मळलेलं. हे पिवळं, पण रंग अर्धाच लागलेला. हे टोक फाटलं हाय, पण सूत बरोबर. हे पांढरं, पण हमालाचा चहा सांडला हाय याच्यावर, फसू नको. असे साडेचारशे कोन त्यांनी मला दाखवले. मी चुकलो की अनुसयाबाई कॉम्प्युटरला नव्हे, थेट मला बोलायच्या. वर पाहून म्हणायच्या, “बुहारा हायेस का रे? नीट पाय.”

बुहारा म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, पण कौतुक नसावं.

पंधराव्या दिवशी इचलकरंजीहून विणकरांचा माणूस आला. तो अबोल होता. त्याने चहाही घेतला नाही. पिशवीतून एक पांढऱ्या टोकाचा कोन काढून भरलेल्या खोक्यात कोपऱ्यात खुपसला. मी लाल दिवा लावला. वरचा थर भरायच्या आधी तो खालच्या थरात घालून पाठवला, पुन्हा लाल. चारनंतर घालून पाहिला, तरी लाल. मधुकरराव इतके खूश झाले की पाहुण्याच्या वाट्याचाही चहा तेच प्यायले.

मग त्या माणसाने पिशवीतून आणखी एक कोन काढला. टोक पिवळं, स्वच्छ, अगदी नमुन्यासारखं. खोकं माझ्याखालून गेलं. मी हिरवा दिवा लावला. मला त्यात काहीच चूक दिसली नाही, आजही दिसणार नाही. खोकं अनुसयाबाईंपुढे आलं. त्यांनी नजर फिरवली, सवयीने हात आत घातला, आणि तो हात एका कोनावर थांबला. त्यांनी सुताचं टोक सोडवून दोन बोटांत चोळलं.

“टोक चाळीसचं हाय,” त्या म्हणाल्या. “सूत तीसचं हाय. नळी बदलून गुंडाळलं कोनीतरी.”

तो माणूस पहिल्यांदाच हसला. त्याने स्वतःच ते करून आणलं होतं. त्याने मधुकररावांना इतकंच सांगितलं, की सूत आम्ही घेऊ, पण ही बाई आणि हे यंत्र दोन्ही जागेवर असतील तरच. मधुकररावांनी ते लगेच कागदावर लिहून घेतलं. अनुसयाबाईंनी त्या संध्याकाळी दुपारचा राहिलेला डबा उघडला आणि वांग्याची भाजी ज्योत्स्नाच्या झाकणात वाढली.

त्यानंतर सकाळी भरायला घेतलेला ट्रक दुपारच्या आत बाहेर पडू लागला. अनुसयाबाईंना आता वाकून प्रत्येक टोक पाहावं लागत नसे. ते मी पाहायचो. त्या खुर्चीवर बसून सूत चाचपायच्या आणि नव्या बायकांना चाचपायला शिकवायच्या. कुणाचंच काम गेलं नाही. फक्त भैयाजीची थोडी कुरकुर होती. त्याला आता गोदामाशी थांबायलाच मिळेना. त्याची कोथिंबीर तशीच वाढली, तिला फुलं आली, धने धरले. ते अनुसयाबाईंनी पदरात तोडून नेले आणि पुढच्या फेरीला त्याला मसाल्याची पुडी करून दिली.

तीन वर्षं मी तिथे होतो. २००८ मध्ये अनुसयाबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल दिली, नारळ दिला. त्या तंबूखाली आल्या, वर पाहिलं आणि पदराने माझ्या काचेवरची धूळ पुसली. काच पुसायचं मऊ कापड ज्योत्स्ना खास पुण्याहून मागवायची, पण त्या वेळी तिने ते पुढे केलं नाही. पुढच्याच महिन्यात गिरणीने नवे तीन कॅमेरे घेतले आणि ज्योत्स्नाने मला पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

सध्या माझा मुक्काम कारंजा घाडगेला आहे. हायवेला लागून संत्र्यांची एक शेड आहे, तिथे मी टांगलेलो आहे. खालून संत्री गडगडत जातात. सूत निदान एका जागी बसून राही, ही फळं एक क्षण स्थिर राहत नाहीत. शेजारी गोपिका बसते. बागवानाच्या घरची, पंधरा वर्षं संत्री निवडण्यात गेलेली. ज्योत्स्नाने इथे आल्यावर वायर जोडायच्या आधी तिच्यासाठी खुर्ची मागवली.

काल गोपिकेने एक संत्रं माझ्याखाली धरलं. अर्धा गाल केशरी, अर्धा हिरवा. मी लाल दिवा लावला. ती हसली आणि म्हणाली, “येडा हाय हा. हेच तर गोड निंगते.” ज्योत्स्नाने ते चित्र ‘चांगलं’ म्हणून नोंदवलं. मग दुसरं, मग तिसरं. आज सकाळपर्यंत दोनशे झाली. अजून पुष्कळ बाकी आहेत.

म्हणून जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. या मोसमात तुमच्या घरी आलेल्या संत्र्यांत एखादं हिरवट निघालं, तर ते बाजूला टाकू नका. आधी सोलून एक फोड खाऊन पाहा. गोड लागलं, तर समजा माझं शिक्षण नीट चाललं आहे. आंबट लागलं, तर चूक माझी. गोपिकेला बोल लावू नका.