सव्वा सेकंद

आमच्या मैदानावर वळण नव्हतं. हे लोकांना समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. शर्यत म्हटली की लोकांना गोल गोल फिरणाऱ्या गाड्या दिसतात. आमच्याकडे दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहायच्या, झेंडा पडला की नाकासमोर सुटायच्या आणि पाव मैल संपला की खेळ खलास. शिंक आली तर शर्यत चुकायची.

पट्टी बांधली होती विमानांसाठी, पण विमान एकही उतरलं नाही. पहिल्या वर्षी तिथे पाववाल्याची गाडी दूधवाल्याच्या गाडीशी पळाली. पाववाला जिंकला, कारण दूधवाल्याने बाटल्या उतरवल्याच नव्हत्या. पुढच्या वर्षी मयत वाहून नेणारी लांबडी काळी गाडी आली आणि सगळ्यांना मागे टाकू लागली. लोक म्हणायचे, हिच्या मागे राहिलेलंच बरं. मग पत्र्याच्या शेडी आल्या, तिकीटखिडकी आली, आणि शेवटी दिव्यांचा खांब आणि आपोआप वेळ मोजणारं यंत्र आलं. त्याआधीची सोळा वर्षं वेळ मी मोजली.

मी शेवटच्या रेषेपाशी लोखंडी खुर्चीवर बसायची. हातात घड्याळ, मांडीवर वही. लांबवर झेंडा पडलेला दिसला की कळ दाबायची, गाडीने रेषा ओलांडली की पुन्हा दाबायची. धुळीत झेंडा दिसला नाही तर इंजिनाच्या आवाजावर दाबायची. पण आवाज पाव मैल चालून माझ्यापर्यंत येईतो गाडी निघालेली असायची. घड्याळ उशिरा सुरू व्हायचं आणि वेळ कमी भरायची. म्हणून त्या आकड्यापुढे मी 'आ' लिहायची. आ म्हणजे आवाज. मग त्यात एक पूर्णांक दोन दशांश सेकंद मिळवायचे. आम्ही त्याला सव्वा सेकंदच म्हणायचो. मैदानावर त्याची थट्टाही चालायची. कोणी बढाई मारली की दुसरा विचारायचा, यात बाईंचा आ धरलाय का?

माझा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये कामाला होता. सुटे भाग जमवून त्याने स्वतःची गाडी उभी केली होती. त्या दुपारी वारा आडवा होता आणि धूळ बसायला तयार नव्हती. तो सुटला तेव्हा झेंडा मला दिसला नाही. मी आवाजावर कळ दाबली. रेषेवर घड्याळाने अकरा पूर्णांक दोन दाखवले. इतकी कमी वेळ त्या पट्टीवर कोणाचीच नव्हती. मी आकडा लिहिला, तो मोठ्याने वाचला आणि वही तिथेच टाकून भावाकडे धावले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. घरी केसांतली धूळ धुताना माझ्या लक्षात आलं, आपण आ लिहिलाच नाही.

उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले तर रंगाऱ्याने भिंतीवरच्या विक्रमाच्या पाटीवर आकडा चढवला होता आणि भाऊ पाटीखाली उभा राहून रंग वाळायची वाट बघत होता. मी तशीच परत फिरले. मग दिवस गेले, आणि दिवसांची वर्षं झाली.

भाऊ त्या आकड्यावर जगला. त्याचा मुलगा, माझा भाचा, त्या आकड्याखाली वाढला. तो पट्टीवर गाडी पळवू लागला तेव्हा यंत्र आलं होतं, आणि यंत्राला आ लागत नाही. बारा पूर्णांक सहा, बारा पूर्णांक तीन. बाप जेवताना विचारायचा, गाडी चालवतोस की ढकलतोस? पुढे तो अकरा पूर्णांक नऊवर आला. बापाचा खरा आकडा होता बारा पूर्णांक चार. म्हणजे पोराने बापाला केव्हाच मागे टाकलं होतं, आणि हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. भाऊ असेपर्यंत बोलले नाही. तो गेल्यावर वाटलं, मेलेल्या माणसाचं एवढं तरी राहू दे.

यंदा पट्टी गोदामांसाठी गेली. यंत्र काढून नेलं, कडेने खोदायला सुरुवात झाली. भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, आत्या, एकदाच पळवतो, बाबांचा आकडा मोडला तर मोडला, नाहीतर हा विषय कायमचा संपला. तुझं घड्याळ चालतं ना? त्याने गाडीतून मागची सीट, दारांच्या आतले पत्रे, काढता येईल ते सगळं काढलं होतं. तोही वाळला होता.

म्हातारा झेंडेवाला मुद्दाम आला. मी खुर्चीवर बसले. खोदाईची धूळ पट्टीवरून वाहत होती. मनाशी ठरवलं होतं, एका खोट्याने जे केलं ते दुसऱ्याने फेडायचं. मधेच धूळ फाटली आणि झेंडा पडलेला मला स्पष्ट दिसला. मी अंगठा रोखून धरला. आवाज आला, मग दाबला.

दहा पूर्णांक सात.

तो गाडी वळवून आला. मी वही पुढे केली. त्याने आकडा बघितला, आणि क्षणभर त्याचा चेहरा लहानपणीचा झाला. मग त्याने मागे वळून पट्टीकडे पाहिलं.

"झेंडा दिसला?"

"दिसला."

"आत्या, मला माझं बॉनेट दिसत नव्हतं." त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि आकड्यापुढे आ काढला. खाली बेरीज केली. अकरा पूर्णांक नऊ.

तेव्हा मी सांगितलं. तुझ्या बाबांचा आकडाही आवाजावरचा आहे, आ लिहायचा राहिला, तू केव्हाच जिंकलायस. त्याने वही मागे मागे चाळली. ते पान सापडलं. त्या दुपारच्या चार आकड्यांपुढे आ होता. त्याच्या बापाच्या आकड्यापुढे नव्हता.

"चार ठिकाणी आठवलं आणि सख्ख्या भावाच्या वेळी विसरलीस?"

"हो रे."

"आत्ता माझ्यासाठी धुळीतून झेंडा बघितलास. आता बाबांचं हे." त्याने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. आवाजात राग नव्हता. "नको. तू कधी चुकत नाहीस, हे सगळ्या मैदानाला माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात त्याने इंजिन उतरवलं. भिंत पाडायच्या आधी पाटी मात्र सोडवून आणली. ती आता त्याच्या बैठकीत आहे. मी गेले की तिच्याकडे पाठ करून बसते. परवा त्याची मुलगी पाटी वाचत होती. तिने विचारलं, बाबा, तुमचा किती? त्याने सांगितलं, अकरा पूर्णांक नऊ. तिने बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे तुम्ही हरलात."

"हो," तो म्हणाला, आणि मला विचारलं, आत्या, चहा घेणार का.