सिरिंजमधला बुडबुडा

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तान्ह्या लेकीची दुधाची बाटली तळव्यांत फिरवून ऊबदार केली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, लेकीला शेजारच्या मावशींकडे सोडलं आणि ती कशीबशी प्रयोगशाळेत पोचली. एरवी लेकीला सांभाळायचे ते सासरे. ती त्यांना बाबाच म्हणायची. पण हृदयविकाराचा झटका आल्यापासून ते याच इमारतीतल्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर होते, आणि आज त्यांच्या हृदयाच्या जखमी भागात तिच्याच प्रयोगशाळेतलं जेल टोचायचं होतं.

बर्फात असेपर्यंत हे जेल पाण्यासारखं पातळ. अंगाची ऊब लागली की घट्ट होतं आणि हृदयाच्या दुबळ्या झालेल्या भिंतीला आतून आधार देतं. एकदा घट्ट झालं की पुन्हा पातळ होत नाही. नव्यानं आलेल्यांना हे तीच शिकवायची.

"तू नको नेऊस," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या. "घरचं माणूस आहे."

"बर्फाची पेटी तर न्यायचीय, बाई. मी थोडीच टोचणार आहे?"

वर, बंद दारापाशी, नियमाप्रमाणे लेबल तपासायला तिनं पेटीतून सिरिंज काढली. आत कुणीतरी बाबांना खोल श्वास घ्या म्हणत होतं, आणि तो काही त्यांना जमत नव्हता. ती कानात प्राण आणून ऐकत राहिली. भानावर आली तेव्हा सिरिंज दोन्ही तळव्यांत होती आणि ती हळूहळू फिरवत होती. बाटलीसारखी.

तिनं सिरिंज उजेडात धरून उलटी केली. आतला इवलासा बुडबुडा झरकन वर जायला हवा होता. तो अडला, मग जेमतेम सरकला.

कुणी पाहिलं नव्हतं. झटक्यानंतर चौदा दिवसांच्या आतच जेल द्यायचं, असा नियम, आजचा तेरावा. नवीन बनवून तपासायला आठवडा जातो.

दार उघडलं. डॉक्टरांनी हात पुढे केला. "द्या लवकर."

"घट्ट व्हायला लागलंय. मी... हातात धरलं होतं."

"तुम्ही?"

"हो, मीच."

"दुसरी सिरिंज?"

"ती तपासणीतच वापरून संपली."

डॉक्टरांनी हातमोजे ओढून काढले. "हृदयात घातलेल्या नळीत अडकलं असतं तर टेबलावरच गेले असते." ते रागावले होते की सांगितल्याबद्दल बरं म्हणत होते, तिला कळेना.

बाबांना परत खाटेवर आणलं. "झालं एवढ्यात? कळलंसुद्धा नाही."

"झालंच नाही, बाबा. माझ्या हातून वाया गेलं. आता परत नाही मिळायचं."



"म्हणजे आहे त्या... जुन्यावरच भागवायचं." दोन शब्दांनंतर धाप. "छोटीला बाटली... कुणी दिली सकाळी?"

"मी."

"गार नव्हती ना?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.