आधी साक्ष, मग जेवण

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वसईत, चर्चशेजारच्या हॉलमध्ये, कायदा सुधारणा समितीची सुनावणी भरली. विषय ख्रिस्ती बायकांच्या घटस्फोटाचा, आणि हॉलमध्ये औषधालाही बाई नव्हती. एक होती, ती मंचावर. समितीची सदस्य-सचिव ग्रेसी. तिच्या सहीशिवाय मसुदा पुढे सरकत नसे, आणि चहा आला की "मॅडम, जरा सगळ्यांना द्याल?" असं तिलाच विचारलं जाई.

कायदा इंग्रजांच्या काळातला. नवऱ्याने नुसतं बडवलं, तर तेवढ्यावर बायकोची सुटका नाही. त्याने बाहेर दुसरी ठेवलीय हेही तिनेच सिद्ध करायचं. ग्रेसीला हे कलम मोडायचं होतं. ही शेवटची सुनावणी. आज एकाही बाईचा शब्द नोंदीत आला नाही, तर अध्यक्ष 'स्त्रियांची तक्रार नाही' असं लिहून मोकळे होणार होते. वाक्य त्यांनी तयारच ठेवलं होतं.

पुरुष एकामागून एक उठत होते. जवळच्या होळी गावचा एक बागायतदार म्हणाला, त्याच्या बायकोला आहे तो कायदा पसंत आहे.

"मग त्यांनाच आणायचं होतं," ग्रेसी म्हणाली.

"तिला कुठं वेळ असतो, मॅडम?"

पाचूबंदरच्या सेबॅस्टियनने तर संसारातल्या शांतीवर असं भाषण ठोकलं की अध्यक्षांनी मान डोलावली.

"फर्डिनंड," ग्रेसीने आयोजकाला जवळ बोलावलं, "बायकांना निरोप गेला होता ना?"

"गेला की. सगळ्या आल्यात. मागे जेवण करतायत, समितीचं." मटण आहे, हे त्याने वर अभिमानाने सांगितलं.

लघुलेखकाला घेऊन ग्रेसी तडक मागच्या पडवीत गेली. कांदा चिरता चिरता बायका जे बोलत होत्या, त्यातलं निम्मं कागदावर आलं असतं तरी तो कायदा संध्याकाळ बघता ना. लघुलेखकाने वही उघडली, तोच अध्यक्षांचा निरोप आला: स्वयंपाकघरातलं बोलणं नोंदीत धरता येणार नाही, साक्ष सभागृहातच व्हावी. आणि पानं कधी मांडताय?

"मग चला सभागृहात," ग्रेसी म्हणाली.

कोणी हललं नाही. तिथे नवरे होते, दीर होते, सासरे होते.

"आम्ही उभ्या राहिलो की ते उठून जातील, बाई," कांदा चिरणारी रेजिना म्हणाली. "मग सांगायचं कोनाला, खुर्च्यांना?"

"जातील कशे? जेवायचेत अजून." ही आल्बिना. चार वर्षांपूर्वी ती माहेरी परतली तेव्हापासून तिचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. उजव्या हाताने तिने मटणाच्या पातेल्याचा एक कान धरला. दुसरा ग्रेसीने धरला.

दोघींनी पातेलं मंचासमोर आणून टेकवलं. मागोमाग बाकीच्या आल्या. झाकण उघडताच वास हॉलभर गेला; विडी ओढायला बाहेर पडलेलेही आत येऊन बसले.

आल्बिनाने पळी वर धरली. "वाढू का बोलू, सायेब?"

अध्यक्षांनी पातेल्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "जेवण झाल्यावर निवांत..."

"जेवन झाल्यावर भांडी असतात."

मागे कोणीतरी हसलं. ती बाई होती. ग्रेसीने लघुलेखकाला खुणावलं.

"बोला," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

आल्बिनाने झाकण नीट बसवलं आणि दुसऱ्या रांगेतल्या सेबॅस्टियनकडे पळी रोखली.

"तो माझा नवरा," ती म्हणाली. "हे पयलं लिहा."