कोपरा फाटलेलं कार्ड

घशाच्या ऑपरेशनात बद्रीनाथचा आवाज गेला, तेव्हापासून तो वाटूरला थोरल्या बहिणीला, केशरबाईला, कार्डं पाठवू लागला. जालन्यात तो चित्रकलेचा मास्तर होता. कार्डाच्या एका अंगाला परदेशी चित्रकाराचं छापील चित्र असे. ना झाड, ना माणूस, नुसते रंगाचे फराटे आणि ओघळ. मागं चार ओळी. केशरबाई फोनवर चिडवी, "तुझ्या गोऱ्या चित्रकारापेक्षा आमची नंदाबाई बरा सडा टाकती." पलीकडून फोनवर टिचकी वाजे. म्हणजे तो हसला.

श्रावणात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर रडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. महिना भरला तशी धाकटी जाऊ नंदाबाई जवळ येऊन बसली.

"बाई, तुमच्या डोळ्यापायी बोलले न्हाई. मागं सुतकाचं कार्ड आल्तं. कोपरा फाडलेला. दारातच फाडून नालीत टाकलं."

"कोणाचं?"

"मला कुठं वाचता येतंय."

मयताच्या कार्डाचा कोपरा फाडायचा, आलेलं कार्ड उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, ही जुनी रीत. नंदाबाईनं ती पाळली होती.

"चित्र होतं का त्याच्यावर?"

"चित्र कसलं, काळे फराटे नुसते."

केशरबाईनं लुगडंही बदललं नाही. मिळेल त्या एसटीनं तिनं जालना गाठलं.

भावजय वंदनानं दार उघडलं. "दुखणं उलटलं, पण तुमच्या डोळ्यामुळं फोन करू दिला न्हाई त्यांनी. पण कार्ड टाकल्यापासून रोज उत्तराची वाट बघत होते."

"कोपरा कशापायी फाडला गं?"

"शाई सांडल्ती. चांगल्या चित्राला डाग नको म्हणून तेवढा काढला."

"अन् लिहिलं काय होतं?"

"मला दाखवलं न्हाई. आक्काचं हाय, अशी खूण केली."

बद्रीनाथ खाटेवर होता. बोटांत पेन धरण्याइतका जोर उरला नव्हता. केशरबाई उशाशी बसली. "बद्री, तुझं कार्ड मला वाचायला मिळालं न्हाई रे. काय लिहिल्तंस?"

त्याचे ओठ हलले. तिनं चष्मा पुसला, जवळ वाकली. ओठ पुन्हा तसेच हलले. तिसऱ्या खेपेला त्याला धाप लागली.

"हां," ती म्हणाली. "कळलं. बिलकुल कळलं. तसंच करीन."

त्यानं समाधानानं डोळे मिटले. चौथ्या दिवशी तो गेला. भावाला आपण काय कबूल केलं, ते केशरबाईला अजून ठाऊक नाही.