दाराचा दगड टाकी होतो

मी एक जुना दगड आहे. निदान गावाची आखणी सुरू होईपर्यंत तरी माझं स्वतःबद्दल तसं पक्कं मत होतं. आता विचाराल, तर मित्रांनो, माझं मलाच नीट सांगता येत नाही.

टेकडीचा कडा फोडताना मी सुटलो. गवंड्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि "हा कुठेच बसत नाही" म्हणून बाजूला टाकलं. पुढे गावसभेच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू लागलं, तेव्हा मला उचलून दाराशी लावलं. ते काम मी इमानेइतबारे केलं. झाडूवाले काका म्हणायचे, "हा आहे म्हणून दार जागेवर आहे." बाकीचे मात्र ठेच लागली की मलाच शिव्या घालायचे. म्हणजे मी चांगला की वाईट, हे तेव्हापासूनच मला उमगत नव्हतं.

एक दिवस आखणीवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, "गाव तुमचं, आराखडाही तुमचाच. मी काही ठरवणार नाही. या अंगणात आपलं गाव काढा आणि नवी पाण्याची टाकी कुठे हवी ते सांगा."

झालं! सगळे कामाला लागले. राखेच्या रेघा म्हणजे रस्ते, विटांचे तुकडे म्हणजे घरं. गिरणीवाल्याने आपल्या घरासाठी तुकडा न ठेवता अख्खी वीट ठेवली, त्यावरून शिंप्याशी त्याची चांगलीच जुंपली. तेवढ्यात बाईंनी मला उचललं आणि म्हणाल्या, "हा दगड म्हणजे आपली टाकी."

टाकी? मी? दगडाला पाझर फुटतो म्हणतात खरं, पण मला आजवर साधा घामही फुटलेला नाही! आम्हाला विचारतो कोण?

गाव काढायला सुरुवात झाली ती दारापासून. खालची घरं आली, मधली आली, गिरणी आली, आणि अंगण संपलं. पुढे भिंत.

"आमची आळी कुठाय?" सुईणमावशीने विचारलं.

ही मावशी वरच्या आळीत राहते, चढावर. अंगणात जमलेली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. गावातल्या प्रत्येक पोटुशीला ती दटावते, "खबरदार जड उचललंस तर!" आणि तिची स्वतःची सून सातव्या महिन्यात भरलेले हंडे घेऊन तो चढ चढते, कारण मावशीची कंबर गेल्या वर्षी धरली ती धरलीच. सुनेचे उरलेले दिवस सुखरूप जावेत, आणि निदान बाळंतपणानंतर तरी तिला हंडा उचलावा लागू नये, म्हणून मावशी सभेला सर्वांच्या आधी येऊन बसली होती.

"मावशी, जागाच संपली बघ," गावप्रमुख म्हणाला. "तुमची आळी भिंतीपलीकडे आहे, असं धरून चालू."

मग ठरलं की टाकी सगळ्यात उंच जागी हवी. बरोबरच आहे. पण अंगणातली सगळ्यात वरची जागा म्हणजे गिरणीची मागची बाजू! मला तिथे ठेवलं. आता वरची आळी गिरणीच्या कितीतरी वर आणि पाणी काही आपणहून चढ चढत नाही, एवढं दगडालाही कळतं. कुणीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. गावप्रमुखाने मोठ्याने विचारलं, "ज्यांना पाणी हवं, त्यांनी हात वर करा!"

सगळे हात वर गेले. मावशीचाही! मी चक्रावलोच. पण ती तरी काय करणार? पाणी तर तिलाच सगळ्यांत जास्त हवं होतं.

"एकमताने मंजूर!"

बाई जरा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या मोजणीवाले येतील. तोवर टाकी हलवू नका." तिकडे दार आपटत राहिलं, पण मला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

दिवेलागणीला मावशी आली. तिने मला कमरेवर घेतलं, तसल्या कमरेवर! मी मनातून ओरडत होतो, "अगं, ठराव झालाय! कुठे नेतेस?" वाटेत कितीदा तरी तिने मला खाली ठेवलं, कण्हली, पुन्हा उचललं. आळीच्या अगदी टोकाला मला टेकवलं आणि घरात निघून गेली.

सकाळी गावात एकच ओरडा, "टाकी चोरीला गेली!" अहो, जी बांधलीच नाही ती चोरीला जाईल कशी? दुसरा एखादा दगड ठेवला असता तरी भागलं असतं. पण नाही, मी ठरावातला दगड होतो ना! शोधत शोधत सगळे चढावर आले. बाई, मोजणीवाले, शिंपी, गिरणीवाला, सगळे धापा टाकत.

"मावशी, ही चोरी आहे," गावप्रमुख म्हणाला. "टाकी परत दे."

"देते. आधी बस, पाणी पी."

तो प्याला. मग सगळेच प्याले. हंडा रिकामा झाला. सुनेने तो कमरेवर घेतला आणि एक हात पोटावर ठेवून उतरू लागली.

"अशा दिवसांत हिला कुठे धाडतेस?" गावप्रमुख कळवळून म्हणाला.

"तुम्ही प्यालात ते आणायला."

गिरणीवाल्याने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. शिंप्याने पुढे होऊन सुनेच्या हातून हंडा घेतला आणि चढ उतरू लागला. गावप्रमुख उठून माझ्यापाशी आला. मोजणीवाल्यांना म्हणाला, "इथून मोजा." त्यांनी माझ्या शेजारी खुंटी ठोकली.

मला अजून कोडं सुटलेलं नाही. सगळ्या गावाने रीतसर हात वर केले, तेव्हा चुकलं. एकट्या मावशीने कुणाला न विचारता मला पळवलं, तेव्हा जमलं. हे कसं, ते तुम्ही शाळेत जाता, तुम्हीच मला सांगा.

एवढं मात्र ऐका, मित्रांनो. तुमच्या गावाची आखणी निघाली, तर आधी शेवटच्या घरापर्यंत चालत जा, चांगले दमा, तिथल्या हंड्यातलं पाणी प्या, आणि मगच हात वर करा.